माऊस हाताला बसतो का? घरच्या घरी करायची तपासणी

दुकानात माऊस घेताना आपण काय करतो? हातात धरतो, काउंटरच्या काचेवर दोनदा फिरवतो, टिकटिक करून बघतो आणि "द्या हा" म्हणतो. चपला घेताना निदान चार पावलं चालून तरी बघतो. माऊस त्याहून जास्त वेळ अंगाला लागून असतो, पण त्याची परीक्षा अर्ध्या मिनिटात उरकते.

माझं काम संगणकावर छपाईची पानं लावायचं. ऑगस्टपासून दिवाळी अंकांची घाई सुरू झाली की दहा-अकरा तास उजवा हात माऊसवर. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग यायला लागली, हात झटकला की बरं वाटायचं. डॉक्टरांकडे तर गेलेच, पण घरी आल्यावर कपाटातले सगळे माऊस टेबलावर मांडले. वायरचा साधा माऊस, छोटा वायरलेस, हस्तांदोलनाच्या पकडीचा उभा माऊस आणि अंगठ्याने गोळा फिरवायचा ट्रॅकबॉल. यातलं कुठलं हाताला बरं, हे ठरवायला बसले तेव्हा कळलं की ठरवायचं कसं हेच मला माहीत नव्हतं. पुढे लिहिलंय ते तेव्हापासून चुकतमाकत बसवलेली पद्धत. साहित्य घरातलंच: पट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोबाइलचं स्टॉपवॉच, दहा रुपयांची डझनभर नाणी, दोन जुन्या सीडी आणि संगणकातला पेंट.

एक गोष्ट आधीच सांगते. वेग पाच मिनिटांत कळतो, त्रास पाचव्या दिवशी. दोन्ही वेगवेगळे मोजायचे, आणि दोन्ही लिहून ठेवायचे. "मला हा बरा वाटतो" यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, कारण नवी वस्तू पहिले दोन दिवस बरीच वाटते.

आधी टेबल-खुर्चीची झडती

माऊसला दोष देण्याआधी तो ठेवलाय कुठे ते बघा. आपल्याकडच्या जुन्या कॉम्प्युटर टेबलांना कीबोर्डसाठी सरकता ट्रे असतो आणि त्यावर माऊसला जागाच नसते. मग कीबोर्ड मांडीजवळ, माऊस वर टेबलावर, आणि उजवा खांदा दिवसभर उचललेला. असं टेबल असेल तर जगातला कुठलाही माऊस तुम्हाला आराम देणार नाही. जेवणाच्या टेबलावर काम करणाऱ्यांचं वेगळं दुखणं: ते साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं आणि बुटक्या माणसाला त्यावर कोपर टेकवायला खांदे वर घ्यावे लागतात. खुर्ची उंच करा, पायाखाली पाट घ्या. कोपर टेबलाच्या पातळीला किंवा किंचित वर यायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे कीबोर्डच्या उजव्या टोकाचा आकड्यांचा भाग. तो आठ-नऊ सेंटिमीटर जागा खातो, आणि तेवढा माऊस बाहेर ढकलला जातो. दंड अंगाला लागून आहे, कोपर काटकोनात आहे, आणि हात सहज पुढे केला की तो जिथे पडतो तिथे माऊस आहे का? नसेल तर कीबोर्ड डावीकडे सरकवा. मी टेबलावर रंगीत चिकटपट्टीची चौकट करून ठेवलीय, माऊस त्याच्या बाहेर गेला की लक्षात येतं. चाचणी करायची तर प्रत्येक माऊस याच चौकटीत, याच खुर्चीवर.

सगळ्यांना एका रेषेवर आणा

विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगात पॉइंटर ऑप्शन्स उघडा. वेगाच्या पट्टीला अकरा खुणा असतात, सरकपट्टी बरोबर मधल्या म्हणजे सहाव्या खुणेवर ठेवा. खालची 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाका. ती चालू असली की हात जोरात हलवला तर बाण जास्त पळतो, हळू हलवला तर कमी. रोजच्या कामात तुम्हाला ते आवडत असेल तर नंतर खुशाल लावा, मोजताना मात्र नको.

आता डीपीआय, म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो किती मोजण्या संगणकाला पाठवतो. खोक्यावर ८०० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तेवढंच असेल असं नाही. तपासायला पट्टी टेबलाला चिकटवा, माऊसची कड तिला लावा, बाण पडद्याच्या डाव्या काठाशी न्या आणि तो उजव्या काठाला टेकेपर्यंत सरळ सरकवा. पडदा १९२० पिक्सेल रुंद असेल तर ८०० डीपीआयच्या माऊसला २.४ इंच, म्हणजे ६१ मिलिमीटर जावं लागेल. ५५ मिलिमीटरलाच काठ आला तर खरा आकडा ८८७ च्या आसपास आहे. तीनदा करून सरासरी घ्या. आकडा चुकीचा निघाला म्हणून माऊस वाईट ठरत नाही, पण दोन माऊसची तुलना करताना एक ८०० वर आणि दुसरा १६०० वर असेल तर तुम्ही माऊस नाही, सेटिंग तोलताय.

हे करताना खालच्या चकत्यांवरचा मळ काढा. जिथून उजेड येतो त्या भोकातले केस-धागेही चिमट्याने काढा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. टेबलावर काच असेल तर साधा ऑप्टिकल माऊस अडखळणारच, कारण त्याला खालच्या पृष्ठभागाचं खडबडीत चित्र दिसावं लागतं. चकचकीत सनमायकावरही काही माऊस भरकटतात. जुन्या कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू हा उत्तम फुकट पॅड आहे.

वस्तूची मापं

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा. माऊसची लांबी त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असावी, असा एक ढोबळ हिशेब खेळणाऱ्या मंडळींत चालतो. माझा हात १७ सेंटिमीटर, म्हणजे माऊस १० च्या जवळपास. हा नियम नाही, सुरुवात आहे. अख्खा तळवा टेकवून धरणाऱ्याला मोठा माऊस लागतो, बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला लहान चालतो. छोटा प्रवासी माऊस मोठ्या हाताला दिला की बोटं आखडून चिमटीत धरली जातात आणि दोन तासांनी हाताच्या मागच्या बाजूला ताण जाणवतो. तो ताण 'सवयीने जाईल' म्हणून सोडू नका.

वजन काट्यावर करा. वायरलेस माऊसमधली एक पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅमची असते, दोन घातल्या की छोट्या माऊसचं वजन पार बदलतं. एका सेलवर चालणारा असेल तर फरक हाताला लगेच कळतो. माऊस दिवसातून शेकडो वेळा उचलून परत मागे आणावा लागतो. उभ्या माऊसला आणि ट्रॅकबॉलला वजनाचा हिशेब वेगळा: ट्रॅकबॉल जागचा हलत नाही, तो जड असलेलाच बरा.

आता नाणी. दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. बोटाचं टोक जिथे टेकतं नेमक्या त्याच जागी, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने, नाण्यांची चळत वाढवत न्या. 'टिक' कधी होतं? माझ्याकडच्या माऊसना सात ते दहा नाणी लागली. तीन नाण्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाच्या हजारो टिचक्यांना गुणून बघा. जागा बदलली की उत्तर बदलतं, कारण बटण म्हणजे तरफ आहे, मागे दाबलं की जास्त जोर लागतो. म्हणून लांब बोटांच्या माणसाला हलका वाटणारा माऊस आखूड बोटांच्या माणसाला कडक लागू शकतो. उभ्या माऊसवर मात्र नाणी ठेवता येत नाहीत, बटणं आडवी असतात. तिथे बोटाचाच अंदाज. फार हलकं बटणही नको, बोट विसावलं की नको तिथे क्लिक होतं.

सीडीचा उपयोग उचलण्याच्या चाचणीला. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. माऊसच्या कडा सीडीवर, पण मधलं भोक सेन्सरखाली येईल असा ठेवा आणि हलवा. बाण हलला तर दुसरी सीडी घाला. दोन सीडींवरही बाण हलत असेल तर माऊस उचलून मागे आणताना बाण ठरल्या जागेवरून सरकणार, आणि तुम्ही तो पुन्हा जागेवर आणत बसणार. बारीक काम करणाऱ्याला हे फार छळतं.

पेंटमधली परीक्षा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून थोडं मागे जाते. १९५४ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने माणसांना हातात सळई देऊन दोन धातूच्या पट्ट्यांवर आलटूनपालटून टोकायला लावलं. पट्ट्या अरुंद केल्या किंवा लांब नेल्या की वेळ वाढत होता, आणि तो ठरावीक हिशेबाने वाढत होता. पहिला माऊस बनला त्यानंतर दहा वर्षांनी: कल्पना डग्लस एंगलबार्टची, तो प्रत्यक्षात लाकडाच्या ठोकळ्यात बसवला बिल इंग्लिशने. पुढे १९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड, हाच बिल इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी माऊस, जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा यांची पडद्यावर तुलना केली. माऊस सगळ्यांत जलद ठरला, आणि त्याच्या वेळांना फिट्सचाच हिशेब लागू पडला. आज आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ९२४१ मालिकेतली अशा उपकरणांची चाचणीही त्याच दोन पट्ट्यांची वंशज आहे. आपण ती पेंटमध्ये करू.

पेंट उघडा, झूम १०० टक्के. आयताच्या साधनाने दोन उभ्या पट्ट्या काढा, ३०० पिक्सेल उंच. माप खाली दिसत राहतं. डावी पट्टी आडव्या मोजणीत १०० ते १४०, उजवी ७०० ते ७४०. म्हणजे रुंदी ४०, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ६००. अंतराला रुंदीने भागलं की १५, त्यात एक मिळवला की १६. आता १६ ला निम्मं करत करत १ वर यायला किती वेळा लागतं? चार. एकदा निम्मं करणं म्हणजे एक बिट, म्हणून या जोडीची अवघडता ४ बिट. अशाच आणखी दोन जोड्या वेगळ्या पानांवर:

सोपी जोडी: १०० ते १८० आणि ६६० ते ७४०. रुंदी ८०, अंतर ५६०, अवघडता ३ बिट.
कठीण जोडी: १०० ते १२० आणि ७२० ते ७४०. रुंदी २०, अंतर ६२०, अवघडता ५ बिट.

आता बारीक ब्रश आणि लाल रंग निवडा. डावीकडे-उजवीकडे आलटूनपालटून २१ क्लिक करा. पहिल्या क्लिकला स्टॉपवॉच सुरू, एकविसाव्याला बंद, म्हणजे २० फेऱ्या. मोजायला घरातलं कुणी असेल तर उत्तम, माझा भाचा खो-खोच्या पंचासारखा ओरडून आकडे मोजतो. प्रत्येक क्लिकचा ठिपका पडतो, त्यामुळे चूक लपत नाही.

समजा ४० च्या जोडीला १८ सेकंद लागले. एका फेरीला ०.९ सेकंद. ४ ला ०.९ ने भागलं: सेकंदाला ४.४ बिट. तिन्ही जोड्यांचे आकडे काढून सरासरी घ्या. प्रयोगशाळांत माऊसचे आकडे साधारण ३.७ ते ४.९ च्या दरम्यान येतात, टचपॅड त्याच्या खालीच राहतो. तुमची चाचणी घरगुती आहे, तेव्हा बाहेरच्या आकड्याशी स्पर्धा करू नका. तुमचाच एक माऊस विरुद्ध तुमचाच दुसरा, एवढीच लढत.

ठिपके मात्र नीट वाचा. या चाचणीत शंभरातले चार नेम चुकणं धरलेलं असतं, म्हणजे २१ मध्ये एक. एकही चुकला नाही तर तुम्ही जपून खेळताय, चार चुकले तर घाई करताय. दोन्ही वेळा पुन्हा करा, नाहीतर वेगाच्या आकड्याला अर्थ नाही. आणि ठिपका गोल आहे का? माझ्या उभ्या माऊसचे ठिपके ठिपके नव्हतेच, स्वल्पविराम होते. त्याचं बटण आडवं दाबावं लागतं, दाबताना अख्खा माऊस केसभर डावीकडे सरकतो आणि ब्रश शेपूट ओढतो. साध्या माऊसचं बटण खाली दाबलं जातं, तो जोर टेबल घेतं. अक्षरांतलं अंतर पॉइंट-पॉइंटने सरकवताना मला जे खुपत होतं ते या शेपटांत दिसलं.

क्रमाची एक मेख आहे. पहिल्या माऊसवर हात बसतो आणि त्याचा फायदा दुसऱ्याला मिळतो. म्हणून अ, ब, ब, अ असं करा आणि अ चे दोन आकडे, ब चे दोन आकडे मिळून सरासरी काढा. ट्रॅकबॉल आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला असेल तर आठवडाभर वापरल्याशिवाय चाचणीला बसवूच नका.

टोकणं म्हणजे सगळं काम नाही. पेंटमध्येच एकमेकांपासून १५ पिक्सेलवर दोन लांब आडव्या रेषा काढा आणि बटण दाबून धरून मधल्या बोळातून, भिंतीला न लागता, रेघ ओढत न्या. मेन्यूतल्या मेन्यूत जाताना, मजकुराचा ठोकळा ओढून नेताना हात हेच करतो. ट्रॅकबॉलवर अंगठ्याने गोळा फिरवत बोटाने बटण धरून ठेवणं जड जातं, माझी रेघ तिथे जिन्यासारखी आली. चाकाची परीक्षा सोपी: ऐंशी पानांची फाइल उघडा, पान ४७ वर जा, परत १२ वर या. खाचा उडी मारतात का, उलट सरकतात का, ते कळतं. आणि एक क्लिकला दोन क्लिक होण्याचा जुना आजार बघायचा असेल तर नव्या पानावर एकाच ओळीत शंभर वेगवेगळे ठिपके काढून चालत नाही, फोल्डरच्या चित्रावर सावकाश पन्नास वेळा एकेकदा टिचकी मारा. मध्येच फोल्डर उघडला तर बटणाची आतली कळ झिजलीय.

पाच दिवसांची वही

आता त्रासाचं मोजमाप. आयएसओच्या चाचणीत वेगासोबत प्रश्नावलीही असते: दाबायला लागणारा जोर, हालचालीचा सहजपणा, अचूकता, आणि बोटं, मनगट, दंड, खांदा, मान यांचा थकवा. मी त्यातून पाच रकाने उचलले: बोटं, मनगट, कोपरापर्यंतचा हात, खांदा, मान. प्रत्येकाला ० ते १० मधला आकडा. स्वीडनच्या गुन्नार बोर्गने श्रम मोजायला अशी मापपट्टी रूढ केली. ० म्हणजे काहीच नाही, ३ म्हणजे मध्यम, ५ म्हणजे जोराचं, १० म्हणजे असह्य.

दिवसातून तीन नोंदी: कामाला बसताना, जेवणाआधी, आणि उठताना. बसतानाची नोंद विसरू नका, कारण रात्री मान अवघडली असेल तर त्याचं खापर माऊसवर फुटतं. बघायचं ते सकाळ-संध्याकाळचा फरक. एक माऊस सलग पाच कामाचे दिवस, मग शनिवार-रविवार सोडून दुसरा. मधेच बदलला की दोन्ही आठवडे वाया. कामाचे तासही लिहा, प्रूफं वाचण्याचा दिवस आणि पानं लावण्याचा दिवस सारखे नसतात.

आकड्यांबरोबर जागाही लिहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल तर मनगटाच्या बोगद्यातल्या नसेवर दाब असू शकतो. करंगळी आणि अनामिका असेल तर दुसरी नस, बहुधा कोपर टेबलाच्या कडेवर टेकवण्याची सवय. मुंग्या रात्री उठवत असतील, वस्तू हातातून निसटत असतील तर वही मिटा आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. माऊस बदलणं हा तिथे उपचार नाही.

वहीतला निकाल

आता दोन आकडे समोरासमोर येतात, आणि बहुतेक वेळा ते भांडतात. माझ्या बाबतीत वायरचा साधा माऊस पेंटमध्ये पहिला आला आणि वहीत शेवटून दुसरा. उभा माऊस पेंटमध्ये मागे, पण मनगटाचा संध्याकाळचा फरक तीनवरून एकवर आला. ट्रॅकबॉलने खांदा मोकळा केला आणि अंगठा दुखवला, तो मी वहिनींना देऊन टाकला. त्या फक्त बिलं करतात आणि खूश आहेत. छोटा वायरलेस कुठल्याच रकान्यात टिकला नाही.

भांडण सोडवताना कामाकडे बघा. दिवसभर हिशेबाच्या चौकटी भरणाऱ्याला एक दशांश सेकंदाने काही बिघडत नाही, त्याने वहीचं ऐकावं. नकाशे किंवा आराखडे काढणाऱ्याला प्रत्येक चुकलेला ठिपका पुन्हा काढावा लागतो, म्हणजे अचूकता गेली की श्रमही वाढतात. त्याने दोन्ही बघावं. आणि एकच माऊस ठेवायचा असा काही कायदा नाही. माझ्या टेबलावर दोन आहेत: मजकूर ओतायला, पानं लावायला उभा, आणि शेवटच्या बारीक सरकवासरकवीला, दिवसातून तास-दीड तास, वायरचा.

गेल्या महिन्यापासून तो वायरचा माऊस कीबोर्डच्या डावीकडे गेलाय. बटणं उलटी केलेली नाहीत, डावा हात तसाच शिकतोय. आज तिसऱ्या आठवड्याचा गुरुवार. कालच्या नोंदीत डावं मनगट १, उजवं १. पेंटमधल्या कठीण जोडीत एकवीसपैकी पाच ठिपके अजून पट्टीबाहेर पडतात, आणि भाचा ते मोठ्याने मोजतो.